एका सेलची बॅटरी : छोटी, टिकाऊ टॉर्च कशी निवडायची?

आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि तिच्यात जो भरायचा तो ‘सेल’. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, ऑनलाइन दुकानात फ्लॅशलाइट. नावं कितीही असली तरी प्रश्न एकच असतो : खिशात मावेल, पडली तरी फुटणार नाही आणि एकाच सेलवर चालेल अशी टॉर्च घ्यायची तर नेमकं काय बघायचं?

हा प्रश्न ओझरसारख्या गावात गमतीचा नाही. नाशिकपासून जवळ, मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव. एका बाजूला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा, कांदा, गहू, ऊस. कारखान्यात शिफ्ट असतात, आणि शेतीलाही रात्रपाळी असते. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आलटून-पालटून मिळत आली आहे. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीसारख्या योजना आल्या, पण रात्री पाणी भरायला जाणारी घरं आजही भरपूर आहेत. अंधारात बांधावरून चालताना पायाखाली काय आहे हे दिसणं, ही टॉर्चची खरी परीक्षा.

फोनचा फ्लॅश का पुरत नाही?

सगळ्यांच्या हातात फोन आहे, मग वेगळी टॉर्च कशाला? कारणं साधी आहेत.

फोनचा एलईडी फोटोसाठी बनवलेला असतो. त्याच्यापुढे प्रकाश एकवटणारा रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे उजेड चहूबाजूंना पसरतो आणि पाच-सात मीटरनंतर विरून जातो. खोलीत पडलेली किल्ली शोधायला तो उत्तम, पण उसाच्या कडेने चालायला अपुरा. दुसरं, फोन ओल्या चिखलात पडला तर नुकसान मोठं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : रात्री शेतात काही झालं तर फोन लावायला फोनच लागणार आहे. त्याचं चार्जिंग उजेडात संपवणं शहाणपणाचं नाही.

मण्यार आणि घोणस हे दोन्ही विषारी साप प्रामुख्याने रात्री फिरतात. घोणस तर पाचोळ्यात आणि मातीत रंगाने मिसळून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला, आणि भारत सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट आहे. अशा वेळी गमबूट, हातात काठी आणि पायापुढे चांगला उजेड हे तीन स्वस्त उपाय आहेत.

एकच सेल का?

जुन्या पितळी किंवा स्टीलच्या टॉर्चमध्ये दोन-तीन मोठे सेल एकामागोमाग बसायचे. कारण बल्बला व्होल्टेज जास्त लागायचं आणि एक सेल १.५ व्होल्टच देतो. तीन सेलपैकी एक जरी उतरला तरी टॉर्च मंद व्हायची, आणि कोणता उतरला ते शोधत बसावं लागायचं.

आता पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. मग १.५ व्होल्टच्या एका सेलवर तो पेटतो कसा? टॉर्चच्या डोक्यात ‘बूस्ट ड्रायव्हर’ नावाचं छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज वाढवून देतं. टॉर्चची खरी किंमत या सर्किटात असते. स्वस्त टॉर्चमध्ये ते निकृष्ट असतं, म्हणून सेल अर्धा उतरला की उजेडही अर्धा होतो. चांगला ड्रायव्हर सेल शेवटाकडे येईपर्यंत उजेड बराचसा एकसारखा ठेवतो.

एका सेलचे फायदे : टॉर्च बोटाएवढी राहते, जुना-नवा सेल एकत्र घालण्याची चूक होत नाही, आणि खिशात एक जादा सेल ठेवला की काम भागतं.

सेल कोणता?

टॉर्च निवडण्याआधी सेल निवडा. बाजारात मुख्यतः हे पर्याय आहेत.

• एए, म्हणजे आपला ‘पेन्सिल सेल’ : जाडी सुमारे १४.५ मिलिमीटर, लांबी ५०.५ मिलिमीटर. घड्याळात, रिमोटमध्ये असतो तोच. कोणत्याही किराणा दुकानात मिळतो.
• एएए : त्याहून बारीक. पेनसारख्या टॉर्चसाठी चालतो, पण त्यातली ऊर्जा एएच्या निम्म्याहूनही कमी.
• १४५०० : दिसायला हुबेहूब एए, पण आतून लिथियम-आयन आणि व्होल्टेज ३.७. आकडे आकार सांगतात : १४ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमीटर लांबी.
• १८६५० : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एएपेक्षा चार-पाच पट ऊर्जा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल असायचे.

एए घ्यायचं ठरवलं, तरी सगळे एए सारखे नसतात. सेलवर बारीक अक्षरात एक कोड छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

• ‘आर६’ म्हणजे साधा कार्बन-झिंक सेल. सगळ्यात स्वस्त, घड्याळाला ठीक. टॉर्चने जास्त करंट ओढला की पटकन बसतो आणि लवकर पाझरतो.
• ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन. हळूहळू वापरला तर भरपूर चालतो. पण टॉर्च पूर्ण उजेडावर ठेवली तर त्याची निम्म्याहून कमी क्षमता हाती लागते. वापरून विसरला तर हाही पाझरतो.
• ‘एचआर६’ म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड. व्होल्टेज १.२ असलं तरी जास्त करंट सहज देतो. शेकडो वेळा चार्ज होतो. रोजच्या वापरासाठी हाच सगळ्यात समजूतदार पर्याय. घेताना ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकार घ्या, म्हणजे चार्ज करून ठेवलेला सेल महिनोन्महिने तयार राहतो.
• ‘एफआर६’ म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम सेल. महाग, पण हलका, थंडीत दमदार, आणि पाझरण्याची भीती फार कमी. गाडीच्या डिकीत किंवा संकटकाळच्या पिशवीत ठेवायच्या टॉर्चसाठी योग्य.

थंडीचा मुद्दा आपल्या भागात खरा आहे. ओझर निफाड तालुक्यात येतं, आणि निफाडचा पारा काही हिवाळ्यात ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागा वाचवायला लोक पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. अशा गारठ्यात अल्कलाइन सेल मलूल होतो. एचआर६ आणि एफआर६ तुलनेने टिकून राहतात.

अलीकडे यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए मिळतात. ते शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज देतात आणि मग एकदम बंद पडतात. रिमोटला हे चालतं. शेताच्या मधोमध टॉर्च काही इशारा न देता विझली तर चालत नाही. वापरायचेच असतील तर जादा सेल हवाच.

एक धोक्याची सूचना : ज्या टॉर्चवर ३.७ व्होल्ट चालतं असं लिहिलेलं नाही, तिच्यात १४५०० घालू नका. ड्रायव्हर जळतो. आणि घरात लहान मुलं रिमोटचा सेल म्हणून तोच उचलतील, म्हणून तो वेगळा ठेवा.

लुमेनचा हिशोब : खोटा दावा ओळखा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. ऑनलाइन दुकानात ‘५०,००० लुमेन’ लिहिलेल्या बोटाएवढ्या टॉर्च दिसतात. हे शक्य आहे का, ते कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत तपासता येतं.

चांगला एचआर६ सेल २००० एमएएचचा धरू. व्होल्टेज १.२. गुणाकार केला की २.४ वॉट-तास ऊर्जा. ड्रायव्हरमध्ये साधारण पाचवा हिस्सा वाया जातो, उरले सुमारे १.९. चांगला एलईडी एका वॉटला ढोबळमानाने ११० लुमेन देतो. म्हणजे एका सेलमध्ये एकूण २०० ‘लुमेन-तास’ आहेत असं समजा.

आता हे वाटून घ्या :

• १०० लुमेनवर सुमारे २ तास
• ५० लुमेनवर सुमारे ४ तास
• २० लुमेनवर सुमारे १० तास

कोणी ‘एका एए सेलवर ५०० लुमेन, ५ तास’ म्हणत असेल तर तो २५०० लुमेन-तास सांगतोय. सेलमध्ये आहेत २००. बाकीचे कुठून येणार?

कधीकधी दावा तांत्रिकदृष्ट्या खोटा नसतो, फक्त अर्धवट असतो. टॉर्च मोजण्याचं एक मानक आहे, एएनएसआय एफएल१, ते २००९ मध्ये आलं. त्यात चालण्याचा वेळ मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे सुरुवातीला ३०० लुमेन, तीन मिनिटांनी गरम झाली म्हणून ८०, आणि पुढे कमी होत होत ३० लुमेन, असं असलं तरी सगळा वेळ ‘३०० लुमेन’च्या रकान्यात छापता येतो. म्हणून उजेड आणि वेळ यांचा आलेख दिलेला असेल तर तो आधी बघा. ‘टर्बो’ हा आकडा काही मिनिटांचा पाहुणा असतो, मधल्या मोडचा आकडा हा रोजचा सोबती.

सेलच्या आकड्यांतही हीच गंमत. खऱ्या १४५०० सेलची क्षमता साधारण ६०० ते १००० एमएएच असते आणि नेहमीच्या चांगल्या १८६५० ची ३५०० च्या आसपास. १८६५० वर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं की पुढे सरका.

उजेड लांब हवा की पसरट?

लुमेन एकूण उजेड सांगतात. तो किती एकवटलेला आहे, ते कँडेला सांगतं. दोन टॉर्चचे लुमेन सारखे असूनही एक पायापुढचा सगळा बांध उजळते, तर दुसरी फक्त लांबचं झाड दाखवते.

खोक्यावर ‘बीम डिस्टन्स’ लिहिलेलं असतं. त्याच मानकानुसार हे असं अंतर, जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात माणूस दिसतो, साप दिसत नाही. म्हणून खोक्यावरच्या अंतराच्या निम्मंच कामाचं धरा. तिथे उजेड चौपट, म्हणजे १ लक्स असतो. पायाखालचं नीट बघायचं तर त्याहूनही जवळचा विचार करा.

पाणी भरणाऱ्याला पसरट उजेड हवा : पाऊल, बांध, वाफ्याचं तोंड एकाच वेळी दिसलं पाहिजे. त्यासाठी खडबडीत रिफ्लेक्टर किंवा प्लास्टिकची भिंगासारखी लेन्स बरी. निफाडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून लांबवर नजर टाकायला थोडा झोतही हवा. त्याचे डोळे उजेडात चमकतात, ते दूरवरून कळतं. पण टॉर्च म्हणजे बिबट्यावरचा उपाय नव्हे. ती फक्त वेळेवर मागे फिरायला मदत करते.

रंगाचंही बघा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड डोळ्यांना प्रखर वाटतो, पण माती, पाचोळा, पानं सगळं एकसारखं फिकट दिसतं. ४००० ते ५००० केल्विनच्या उजेडात मातीचा आणि पाचोळ्याचा रंग वेगळा ओळखू येतो. द्राक्षाच्या पानावरचा डाग बघायचा असेल किंवा वायरचा रंग ओळखायचा असेल, तर ‘सीआरआय ९०’ किंवा जास्त असलेली टॉर्च घ्या.

टिकाऊपणा : काय वाचायचं, काय चाचपायचं

• पाणी : आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या, त्याहून कठीण अटींवर. पाटात पडण्याची शक्यता असेल तर किमान आयपीएक्स७. ‘एक्स’च्या जागी ६ असेल, उदाहरणार्थ आयपी६८, तर धुळीपासूनही संरक्षण आहे.
• पडणं : एफएल१ मध्ये पडण्याची चाचणी किमान १ मीटरवरून असते. खिशातून पडली तर तेवढंच अंतर. दीड-दोन मीटर लिहिलं असेल तर उत्तम.
• अंग : अॅल्युमिनियमवर ‘हार्ड अॅनोडायझिंग’ असेल तर रंग लवकर उडत नाही. मात्र मोटरच्या स्टार्टर पेटीत काम करताना धातूची टॉर्च तोंडात किंवा ओल्या हातात धरू नका. तिथे प्लास्टिक अंगाची टॉर्च जास्त सुरक्षित.
• आटे : मागचं झाकण फिरवून बघा. आटे जाड, मऊ फिरणारे आणि कडेला रबरी रिंग असावी. करकर आवाज आला तर सोडून द्या.
• चार्जिंगचं छिद्र : अंगातच यूएसबी पोर्ट असेल तर सोयीचं, पण पाणी शिरायची तीच जागा. त्यावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का बघा.

बटण आणि मोड

अंधारात, ओल्या हाताने, न बघता टॉर्च लागली पाहिजे. त्यासाठी शेपटाला असलेलं ‘टिक’ वाजणारं यांत्रिक बटण सगळ्यात खात्रीचं. ते बंद असताना सेल अजिबात उतरत नाही. अंगावरचं इलेक्ट्रॉनिक बटण नाजूक दाबानेही चालतं, पण बंद असतानाही थोडा करंट खातं आणि खिशात आपोआप लागू शकतं. अशा टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक वेळा ती लॉक होते. प्रवासात ही युक्ती लक्षात ठेवा.

मोड तीन पुरेत : अगदी मंद, मध्यम, पूर्ण. रोज वापरताना झगमगणारा स्ट्रोब मध्ये येत असेल तर वैताग येतो. शेवटचा मोड लक्षात ठेवणारी टॉर्च असेल तर आणखी चांगलं.

घेतल्यावर फोनवर तपासा

परत करण्याची मुदत संपायच्या आत या तीन चाचण्या करा.

१. झोत : अँड्रॉइड फोनवर लक्स मीटरचं अॅप टाका. अंधारात टॉर्च बरोबर ५ मीटरवर ठेवा आणि झोताचा मध्य फोनच्या सेन्सरवर पाडा. आलेला लक्सचा आकडा गुणिले २५ म्हणजे कँडेला. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, ते बीम डिस्टन्स. उदाहरणार्थ ३६ लक्स आले, तर ९०० कँडेला आणि ६० मीटर. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेतला नाही, पण खोक्यावर ३०० मीटर लिहिलं असेल तर फरक कळायला एवढं पुरतं.

२. लुकलुक : टॉर्च मंद मोडवर लावून कॅमेऱ्यातून बघा. स्क्रीनवर सरकणारे जाड पट्टे दिसले तर उजेड वेगाने चालू-बंद होतोय. काहींना त्याने डोळे दुखतात.

३. वेळ : भरलेला सेल घालून टॉर्च मधल्या मोडवर लावा, समोरची भिंत टाइमलॅप्सवर टाका. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड भरून काढतो. तुमचा स्वतःचा आलेख तयार.

लिथियम-आयन सेल किंवा पॉवर बँक घेताना त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं.

कोणासाठी कोणती?

रात्री पाणी भरणाऱ्यांसाठी : एए, आयपीएक्स७, पसरट झोत, शेपटाला बटण, मध्यम मोड ५० लुमेनच्या आसपास. सोबत दोन एचआर६ सेल. आठ तास सलग पूर्ण उजेड कोणालाच लागत नाही. चालताना मध्यम, थांबल्यावर मंद, असं केलं तर एक टॉर्चमध्ये आणि एक खिशात एवढ्यावर रात्र निघते. हातात फावडं असेल तर टोपीला अडकणारी क्लिप किंवा हेडलॅम्प बघा. वाघाडच्या कालव्यावर पाळीने पाणी घेणाऱ्या, सलग कित्येक तास उजेड लागणाऱ्यांनी १८६५० चा विचार जरूर करावा.

शिफ्टला जाणाऱ्यांसाठी : एएएची पेन टॉर्च किंवा एए, खिशाला क्लिप, सीआरआय जास्त. मशिनच्या आत डोकावताना फार उजेड नको, चकाकी परत डोळ्यांवर येते. विमानाच्या कामात प्रत्येक हत्यार मोजून आत नेतात आणि मोजून बाहेर आणतात, कारण आत राहिलेली एक छोटी वस्तूही इंजिनाला घातक ठरते. तेव्हा अशा ठिकाणी स्वतःची टॉर्च नेण्याआधी परवानगीचा नियम विचारा.

विमानाने प्रवास करणाऱ्यांसाठी : सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. ते हातातल्या बॅगेत, टोकं झाकून किंवा डबीत घालून न्या.

देखभाल

• महिनाभर वापर नसेल तर अल्कलाइन सेल काढून ठेवा.
• सेल पाझरलाच तर पांढरी पावडर नुसत्या हाताने पुसू नका, ती क्षारयुक्त आणि त्वचेला जाळणारी असते. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा, मग कोरडं करा.
• वर्षातून एक-दोनदा आटे पुसून रबरी रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.
• लिथियम-आयन सेल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आवरण फाटलेला सेल वापरू नका.
• मेलेले सेल कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा संकलनात द्या.

नेहमीचे प्रश्न

चार्जिंगची टॉर्च चांगली की सेलची?
रोज घरी येऊन चार्ज करणार असाल तर चार्जिंगची. पण रात्री दोनला ती संपली तर काहीच करता येत नाही. सेल बदलता येणारी टॉर्च दहा सेकंदांत पुन्हा लागते. दोन्ही सोयी असतील तर सर्वांत उत्तम.

झूम होणारी घ्यावी का?
सरकणाऱ्या डोक्यातून पाणी आणि धूळ शिरते. टिकाऊपणा हवा असेल तर टाळा.

टॉर्च असूनही साप चावला तर?
घाबरून पळू नका, चावलेला भाग हलवू नका. कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं काहीही करू नका. अंगठी, कडं काढा, १०८ ला फोन करा आणि थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. म्हणूनच फोनचं चार्जिंग राखून ठेवायचं.

थोडक्यात

दुकानात उभे असाल तर एवढंच आठवा : एए सेल, शक्यतो एचआर६. मध्यम मोडवर ५० लुमेन. आयपीएक्स७. किमान १ मीटरची पडण्याची चाचणी. शेपटाला यांत्रिक बटण. पसरट झोत, ५००० केल्विनपर्यंतचा रंग. आणि ‘२०० लुमेन-तास’ हा आकडा डोक्यात. त्याच्या कितीतरी पट सांगणारं खोकं परत कपाटात ठेवा.